आणायला गेले भावाला

मोंबासाच्या धक्क्यावरून बोट सुटली तेव्हा माझ्या ट्रंकेत धाकट्या भावासाठी, दत्तूसाठी, घेतलेला लोकरीचा कोट होता. नैरोबीत जून महिन्यात काय गारठा पडतो, हे आमच्या पुण्याजवळच्या मोशीतल्या माणसाला सांगून पटत नाही, म्हणून कोटच घेऊन निघाले. लग्न होऊन या देशात आले त्याला अकरा वर्षं झाली. माहेरचं एक तरी माणूस जवळ असावं, असा हट्ट मी यजमानांकडे धरला होता. त्यांनी बिचाऱ्यांनी खटपट करून आपल्या कचेरीत दत्तूसाठी जागा मिळवली, त्याचा परवाना काढला. दत्तूनंही 'येतो' म्हणून कळवलं. त्याला घेऊन यायचं तेवढं उरलं होतं. इथल्या आपल्या मराठी मंडळातल्या बायका मला अजून विचारतात, 'गेलीस कशाला आणि आणलंस काय?' तेव्हा एकदा सगळंच लिहून टाकते.

बोटीवरचे दिवस मी आडवं पडूनच काढले. मुंबईला उतरले तर जमीनसुद्धा हलत होती. तिथून पुणं, आणि पुण्याहून पॅसेंजरनं चिंचवड.

स्टेशनाबाहेर एकच टांगा उभा होता. टांगेवाले बाबूमियाँ माझ्या ट्रंकेकडे बघून म्हणाले, "मोशीला सोडतो, पन भोसरीच्या पुढं रस्ता लई वंगाळ हाय. चढाला उतरावं लागंल."

वाटेत त्यांनी विचारलं, कुठून आलात. आफ्रिकेतून, भावाला न्यायला, असं मी जरा तोऱ्यातच सांगितलं.

"न्यायला?" त्यांनी घोड्याचा लगाम ओढून मागं पाहिलं. "आवो बाई, लोक आता हितं यायला लागलेत. पिंपरीला औषधाचा सरकारी कारखाना उठतोय. आन् तुमी हितलं मानूस भाईर काडताय व्हय?"

मला त्यांचा राग आला. त्याच रागात चढाला उतरले आणि माझ्या बुटाची टाच मोडली. मोशीच्या वेशीतून मी लंगडत शिरले.

दारात आक्का उभी होती. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. ऐन विशीत विधवा होऊन ती माहेरी आली. पुढं आईवडील गेले, आणि दत्तूला तिनंच वाढवलं, घर तिनंच चालवलं. मलाही लहानपणी तिनं असं धाकात ठेवलं होतं, की लग्न ठरल्यावर मला आधी तिच्यापासून सुटल्याचा आनंद झाला होता. मला पाहताच ती म्हणाली, "किती वाळलीस गं! आन् ह्या असल्या खुरांवर चालतीस व्हय? मग मोडंल न्हाई तर काय!"

दत्तू घरात नव्हता. त्याची बायको शेवंता डोळे चुकवून चहा ठेवायला गेली. संध्याकाळी दत्तू सायकलवरून आला. कपडे लाल मुरमानं माखलेले.

"कुठं होतास?" मी विचारलं.

तांब्याभर पाणी संपवून तो म्हणाला, "ताई, रागवू नगंस. मी पिंपरीच्या कारखान्यावर लागलोय. आत्ता बांधकामावर हाय, पन फुडं कायम करनार हायेत."

"कधीपासून?"

"मागच्या म्हयन्यात. तू बोटीत बसली असशील म्हनून कळवलं न्हाई."

"मागच्या महिन्यात मी बोटीत नव्हते, दत्तू! मागच्या महिन्यात मी दुकानं पालथी घालून तुझ्यासाठी कोट शोधत होते!"

त्यानं तांब्या खाली ठेवला. मग म्हणाला, "तिकडं गोऱ्यांच्या इरुद्ध गडबड चाललीया असं पेपरात येतंय. हितं चार हातांवर नोकरी हाय, रोज घरी येतो. कशाला जायाचं सांग?"

संतापानं मी ट्रंक त्याच्यापुढं ढकलली. शेवंतानं ट्रंकेतून कोट काढला. दत्तूनं तो अंगात घालून पाहिला आणि म्हणाला, "बरा हाय की. रातपाळीला व्हईल."

रविवारी मला खूश करायला तो पिंपरीला घेऊन गेला. उघडा माळ, तारेचं कुंपण, खोदलेले पाये. तो हात पसरून 'हितं हे, तितं ते' सांगत होता आणि मला नुसते खड्डे दिसत होते. पलीकडं सिंधी निर्वासितांच्या बराकी होत्या. तिथल्या एका दुकानात आम्ही दालपकवान (मैद्याची कडक पुरी आणि डाळ) खाल्लं. दुकानदारीणबाईंनी माझी सगळी हकिगत काढून घेतली आणि म्हणाल्या, "भाई नहीं आता तो क्या, बहन? गाँव तो है न आपका? जब चाहो आ सकती हो." दत्तूनं लगेच मान डोलावली. मी पाणीही न पिता उठले.

त्यानंतर आक्कानं माझं डोकं खायला सुरुवात केली. हुलग्याचं माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ पेज) वाढता वाढता विचारलं, "तिकडं बाजरी मिळती का?"

"मिळते. का?"

"आपलं इचारलं."

दुसऱ्या दिवशी नदीवर धुणं आपटताना, "तिकडं चुली असत्यात का?" मग वाळत घालताना, "तिकडं रांडमुंड बाई हळदीकुंकवाला गेली तर बाया तोंड फिरवत्यात का गं?"

मी वैतागून म्हणाले, "आक्का, तुला काय करायचंय?"

तिनं पिळलेलं लुगडं तसंच हातात धरलं. "दत्तूला समद्यांनी इचारलं, येतोस का म्हनून. तू इचारलंस, दाजींनी इचारलं. मला कुनी इचारलंय का?"

खरं सांगते, मला आक्का नको होती. पण तिच्या तोंडाकडे पाहून 'नाही' म्हणवेना.

घरात एकच गहजब झाला. "आक्का गेल्यावर भाकरी कोन करनार?" हा दत्तूचा पहिला प्रश्न. शेवंता पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली, "का? मला हात न्हाईत?" आक्का तिच्याकडे बघून हसली. एका चुलीपुढं दोघी किती अवघडल्या होत्या, ते मला तेव्हा कळलं.

मग यजमानांना तार, परवान्याची वाट, पासपोर्टाचा फोटो (फोटोवाल्यानं 'हसा' म्हटल्यावर आक्कानं त्याला झापलं), देवी टोचणं. हे सगळं होईतो दोन महिने गेले. निघताना तिनं पाटा-वरवंटा गोणीत बांधला. धक्क्यावरच्या अधिकाऱ्यानं 'हा दगड कशाला?' म्हणून विचारलं, तर म्हणाली, "तुमच्या घरी चटनी करत न्हाईत का?" बोटीवर मी पुन्हा आडवी. ही मात्र गुजराती बायकांबरोबर डेकवर बसून मजेत.

नैरोबीला आम्ही पोचलो आणि माझे हाल सुरू झाले. तिनं माझे डबे हलवले. माझ्या चहाला नावं ठेवली. आमच्या स्वयंपाक्याला, कमाऊला, भाकरी थापायला बसवलं. एका सकाळी तर तिनं बैठकीतल्या सोफ्यावर कुरडया वाळत घातल्या. कचेरीतल्या बड्या साहेबांच्या पत्नी तेव्हा दारात उभ्या. अकरा वर्षं या घरात मी हळू आवाजात, पुस्तकात लिहावं तसं बोलत आले. त्या दिवशी मात्र मोशीच्या नदीवर ओरडावं तशी ओरडले, "आक्का, ह्ये घर माजं हाय!"

तिनं शांतपणे एक कुरडई उलटी केली.

"व्हय की," ती म्हणाली. "परक्याच्या घरी मी आले असते का?"