हमीदभाईंनी सांगितलं होतं

फादरसमोर गुडघे टेकून मी आजवर बरीच पापं कबूल केली आहेत. राग, आळस, सहकाऱ्याच्या बढतीचा मत्सर, उपवासाच्या शुक्रवारी मस्कतच्या रुवी बाजारात उभ्या-उभ्या खाल्लेला शवर्मा. फादर कंटाळलेत हे कन्फेशनच्या जाळीतूनही कळायचं. ही एक गोष्ट मात्र त्या जाळीपर्यंत कधी पोचली नाही. माझ्या बायकोपर्यंतही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर मी अजूनही बरा दिसायचा प्रयत्न करतो.

मी वसईचा. नव्वदच्या दशकात आणि पुढेही बरीच वर्षं मस्कतला एका जर्मन मोटार कंपनीच्या एजन्सीत होतो. कंपनीचं नाव सांगत नाही. सांगायची गरजही नाही, कारण जिच्या नावाने लोक आवाज खाली आणतात अशा दोन-चारांपैकी ती एक. माझं काम सर्व्हिस अॅडव्हायझरचं. म्हणजे बाहेर गिऱ्हाईक, आत मेकॅनिक, आणि मध्ये टाय बांधलेला मी.

शोरूमच्या एका भिंतीवर कंपनीचा इतिहास लावला होता. त्याचं इंग्रजी मीच नीट करून दिलं होतं, कारण ऑफिसात पुस्तकं वाचणारा म्हणून माझीच बदनामी होती. शेडमध्ये जन्म, पहिलं इंजिन, शर्यती, चांदीचे चषक — आणि मग तिसाच्या दशकातून तो इतिहास एकदम पन्नासच्या दशकात उतरायचा. मधली वर्षं नव्हतीच. महायुद्धाच्या त्या वर्षांत जर्मन कारखान्यांत कोण माणसं राबवली गेली, कशी राबवली गेली, ते मी वाचलेलं होतं. अकाउंट्समधल्या एका मित्राला मी म्हणालोही होतो, "भिंत कमी पडली असेल." तो हसला. मीही हसलो. थाटामाटाची टिंगल करणं मला छान जमायचं. आणि टिंगल करणारा माणूस त्या थाटापासून मोकळा असतो, असं मी समजत होतो.

पण त्या गाड्यांत बसलात की ते सगळं विरघळायचं, हे खरं. दार लागायचं — धप्प नाही, एक मऊ, दबका आवाज — आणि बाहेरचं जग बंद. पंचेचाळीस डिग्रीत डांबर वितळल्यासारखं हलत असायचं, समोरचे डोंगर पाण्यातल्यासारखे लवत असायचे, आणि आपण त्या सगळ्यातून तरंगत चाललेलो. अल हैलच्या किनाऱ्याजवळून जाताना कधी समुद्रावरून पांढरट दमट हवा आत यायची. तेव्हा रस्ता कुठे संपतो आणि पाणी कुठे सुरू होतं, कळायचं नाही. मला आजही स्वप्नात तो रस्ता दिसतो. गाडी मी चालवत असतो आणि शेजारच्या सीटवर हमीदभाई डोळे मिटून बसलेले असतात.

हमीदभाई आमचे सगळ्यात जुने मेकॅनिक. रत्नागिरीच्या खाडीकडच्या एका गावचे. पन्नाशीला आलेले, बारीक, दाढी अर्धी पांढरी. गाडीची ट्रायल घेताना ते स्वतः चालवायचे नाहीत. मला चालवायला लावायचे आणि स्वतः डोळे मिटायचे. मी काही बोललो, की एक डोळा उघडून म्हणायचे, "मास्तर, जरा गप ऱ्हवा. तुमचं आयकू का गाडीचं?" मला ते मास्तर म्हणायचे. मी शाळेत शिकवलेलं नाही कधी — पण त्यांच्या लेखी चष्मा आणि पुस्तक म्हणजे मास्तर. "तुमी बुकं वाचा, मी गाडी वाचतो," हेही नेहमीचं. मग दोन-तीन किलोमीटर शांतता. आणि अचानक, झोपेत बोलल्यासारखं, "मागचा डावा बेअरिंग. अजून महिनाभर चालेल." उघडून बघितलं की मागचा डावा बेअरिंगच असायचा.

त्यांना ना इंग्रजी लिहिता येत होतं, ना वाचता. मराठीही जेमतेम. वर्कशॉपात निम्म्यांचं तेच होतं, आणि त्यावर आम्ही आमची एक रीत बसवली होती. मेकॅनिकने काम करायचं, काय केलं आणि काय सापडलं ते तोंडी सांगायचं, मी ते इंग्रजीत जॉब कार्डवर उतरवायचं, आणि खाली त्याने सही करायची. काय लिहिलंय, असं कोणी विचारायचं नाही. हमीदभाई तर कार्डाकडे बघायचेही नाहीत. माझ्याकडे बघत सही करायचे, तीही उर्दूत, हळूहळू, प्रत्येक अक्षराला मान देत. आपल्याकडचा माणूस लिहितोय — मग वाचायचं काय?

मी लांबण लावतोय, माहीत आहे मला. थांबतो.

जुलै होता. मस्कतपासून दोन-अडीच तासांवरच्या सहम गावचे एक अर्बाब — म्हणजे मालक माणूस, शेतीवाडी, दुकानं, चार गावांत शब्दाला वजन — त्यांची गाडी सर्व्हिसला आली होती. जेमतेम तीन वर्षांची. दुपारी हमीदभाई काउंटरवर आले, हात पुसत. म्हणाले, रेडिएटरचं प्लास्टिकचं तोंड — जिथे पाण्याचा पाईप जोडतात ते — उन्हाने खडूसारखं झालंय. बोट लावलं तर भुगा येतो. "मास्तर, ही सोडू नका. तोंड बदलल्याबिगर नको. आन् लिवा, ही तिसरी गाडी हाय. तिकडे जर्मनीत ऊन पडत नाय, त्यांना काय कळनार?"

मी "हो" म्हणालो.

सुटा भाग जर्मनीहून यायला दोन आठवडे. अर्बाबना संध्याकाळच्या आत गाडी हवी होती, दुसऱ्या दिवशी घरची मंडळी घेऊन कुठे लग्नाला जायचं होतं. ते काउंटरपाशी उभे होते, पांढऱ्याशुभ्र दिशदाशात, त्या पायघोळ अरबी झग्यात, अत्तराचा मंद वास. हसून त्यांनी विचारलं, "कुल्लू तमाम?" सगळं ठीक?

आता हे बघा — मला कोणी दटावलं नव्हतं. मॅनेजर तिथे नव्हते. त्या माणसाला मी म्हणू शकलो असतो की अर्बाब, तुमची एवढी नावाजलेली गाडी तीन वर्षांत उन्हाने खाल्ली, दोन आठवडे थांबा. ते कदाचित चिडले असते. कदाचित नसतेही. पण त्या भिंतीची टिंगल करणारा मी, त्याच भिंतीला टेकून उभा होतो. त्या गाडीतही काही फुटतं असं माझ्या तोंडून निघेना. आपण विकतो ते देवासारखं असतं, या भावनेत एक ऊब असते. तुम्ही कधी मोठ्या नावाखाली नोकरी केली असेल तर कळेल. मी म्हणालो, "जर्मन, अर्बाब. कुल्लू तमाम." आणि कार्डवर इंग्रजीत लिहिलं: कूलिंग सिस्टीम तपासली, ठीक आहे.

खाली हमीदभाईंनी सही केली. माझ्याकडे बघत.

दुसऱ्या दिवशी सहमच्या अलीकडे ते तोंड फुटलं आणि गाडी जागीच बंद पडली. भर दुपारी. आत अर्बाबांची म्हातारी आई होती. बंद गाडी, झाड नाही, सावली नाही — त्या बाई बेशुद्ध पडल्या. सोहारच्या हॉस्पिटलात आठ दिवस होत्या. वाचल्या. मी त्या आठ दिवसांत रोज चर्चमध्ये मिस्सेला गेलो, ते त्यांच्यासाठी की माझ्यासाठी, याचा हिशोब देवाने ठेवला असेल.

मग दुबईहून कंपनीचा जर्मन इंजिनियर आला. उंच, सभ्य, सावकाश बोलणारा. मॅनेजरच्या केबिनमध्ये आम्ही चौघं. टेबलावर जॉब कार्ड. मॅनेजरने विचारलं, तोंड एवढं खराब असताना "ठीक आहे" असं कोणी सांगितलं? हमीदभाईंना आधी प्रश्नच कळला नाही. हिंदीत पुन्हा विचारल्यावर ते जवळजवळ हसले. एवढी सोपी गोष्ट. माझ्याकडे वळून म्हणाले, "मी सांगितलं होतं ना, मास्तर?"

एसीचा आवाज येत होता. जर्मन माणूस माझ्याकडे बघत होता, त्याच्या निळ्या डोळ्यांत काही म्हणजे काही नव्हतं, नुसती वाट बघणं. खिडकीबाहेर सगळं पांढरं. मला वाटलं, हे सगळं फार लांब चाललंय, दुसऱ्या कोणाच्या तरी खोलीत.

मी म्हणालो, "मला आठवत नाही."

नंतर काय झालं असतं तर बरं झालं असतं, सांगू? ते ओरडले असते तर. बायकोमुलांवरून शिव्या दिल्या असत्या तर. भांडणाऱ्या माणसाशी भांडता येतं. हमीदभाई तसेच उभे राहिले, कपाळाला आठी, डोळे मिटून — ट्रायलला बसायचे तसे. आत काहीतरी ऐकायचा प्रयत्न करत होते. मग डोळे उघडून मॅनेजरला म्हणाले, "मास्तर झूट नहीं बोलेगा, साब. मैं ही भूल गया होऊँगा."

तीन आठवड्यांत त्यांचा व्हिसा रद्द झाला. निघायच्या दिवशी वर्कशॉपात सगळ्यांना भेटले. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "वय झालं, मास्तर. डोस्कं दगा देतंय." मी म्हणालो, "काळजी घ्या." हे मी खरोखर म्हणालो.

इथवरची गोष्ट कबूल करायला, खरं सांगायचं तर, मी कधीतरी धजलो असतो. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून एक वाक्य निघून गेलं, असं ते मांडता येतं. फादर समजले असते. तुम्हीही समजत असाल कदाचित. समजू नका. अजून थोडं राहिलंय.

हमीदभाईंच्या गावचा एक माणूस रुवीत कापडाच्या दुकानात होता. त्याच्याकडून मला कळत राहायचं. मी विचारायचो म्हणून नाही, तोच सांगायचा. हमीदभाई आता इंजिनाला हात लावत नाहीत. भावाच्या वाणसामानाच्या दुकानात बसतात. दुकानाला कुलूप लावून घरी जातात, अर्ध्या वाटेतून परत येतात, कुलूप ओढून बघतात. मग एकदा म्हणाला, नातीकडून लिहायला शिकलेत. खिशात वही ठेवतात. कोणाला काय सांगितलं ते सगळं वहीत. "बायकोला चहा सांगितला तरी लिहितात, बोला!" तो हसत होता. मीही जरासं हसलो.

काही वर्षं गेली. शतक बदललं. जर्मनीहून एक तांत्रिक सूचना आली, दोन पानांची, इतर दहा सूचनांच्या गठ्ठ्यात: उष्ण हवामानासाठी रेडिएटरच्या तोंडाचा भाग सुधारित स्वरूपात उपलब्ध. जुना भाग आढळल्यास बदलावा. चूक हा शब्द त्यात नव्हता. माफी तर नव्हतीच. मोठ्या घराण्यात असं मोठ्याने बोलत नाहीत. तोवर मी सर्व्हिस मॅनेजर झालो होतो. मी ती वाचली, भोक पाडून फाइलला लावली.

आणि त्याच वर्षी, एका सकाळी, कतारहून एक फॅक्स आला. तिथल्या एजन्सीने एका मेकॅनिकबद्दल विचारलं होतं. हमीदभाईंनी तिकडे अर्ज केला होता. आता साठीच्या आसपास असतील. पण जुन्या गाड्यांची जाण असलेला माणूस त्यांना हवा होता, आणि कोणीतरी त्यांचं नाव सुचवलं होतं. म्हणजे वही खिशात ठेवून का होईना, त्यांना पुन्हा बोनेट उघडायचं होतं. छापील फॉर्म होता. किती वर्षं काम केलं, वागणूक कशी, कौशल्य कसं. या रकान्यांत मी मनापासून चांगलं लिहिलं. शेवटचा रकाना: नोकरी सोडण्याचं कारण.

मला कसलीही घाई नव्हती. माझ्यावर कोणाचा डोळा नव्हता, कोणी जर्मन समोर बसला नव्हता. ती सूचना माझ्या मागच्या कपाटात होती, हात लांब केला असता तर मिळाली असती. वर्षानुवर्षं एक माणूस स्वतःच्या डोक्यावर संशय घेत जगत होता आणि तो संशय दूर करणारी दोन पानं माझ्यापासून तीन हातांवर होती. "वैयक्तिक कारण" असं लिहिलं असतं तरी चाललं असतं. पण मग कोणी जुनी फाइल मागवली असती, कार्ड बघितलं असतं, विचारलं असतं की मॅनेजर खोटं का लिहितोय. माझं इंग्रजी स्वच्छ आहे. मी स्वच्छ अक्षरात लिहिलं: कामातील गंभीर निष्काळजीपणा. तपासणीत आढळलेला दोष कळवला नाही.

खाली सही केली. या वेळी माझी.

फॅक्स मी स्वतः लावला. कागद मशीनमध्ये हळूहळू ओढला गेला, दुसऱ्या बाजूने बाहेर आला. एक वाजला होता. आमच्याकडे एक ते चार सुट्टी असायची. मी घरी गेलो, आमटी-भात जेवलो, पडदे ओढले. खोलीत ती हिरवट, पाण्याखालची असावी तशी सावली पसरली.

मला लगेच झोप लागली. गाढ, बिनस्वप्नाची. चारला बायकोने हलवून उठवलं तेव्हा मला क्षणभर कळेना, मी कुठे आहे.