मुंग्यांवरची तोंडी परीक्षा

माझी धाकटी जाऊ गेली तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवते आहे. मुंग्यांवरचा तिचा पीएच.डी.चा प्रबंध लिहून झाला आणि तोंडी परीक्षा तेवढी उरली. मार्गदर्शकांनी तिला बजावलं होतं, "बाई, येणारे परीक्षक मोठे मानी आहेत. त्यांनाच उलट प्रश्न विचारलात, तर पदवी विसरा."

म्हणून मी रोज दुपारी तिच्या जेवणाच्या टेबलाशी परीक्षक होऊन बसत असे.

"मुंग्या रांगेतच का चालतात?" मी आवाज जाड करून विचारलं.

"छान प्रश्न. तुम्हाला काय वाटतं, वहिनी?"

"वासाच्या मागावर जात असतील," मी बोलून गेले.

"शाब्बास. आता पूर्ण वाक्यात सांगा."

मी निमूटपणे सांगितलं. वर्तमानपत्राआडून दीर म्हणाले, "वहिनी, आधी हात वर करायचा असतो."

परीक्षेच्या दिवशी मी मागच्या बाकावर होते. जाऊबाईंनी चांगला तासभर जीभ आवरली आणि प्रत्येक प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं. शेवटी परीक्षकांनी विचारलं, "राणी मेल्यावर वारुळाचं काय होतं?"

"तुम्हाला काय वाटतं?" ती म्हणाली.

मार्गदर्शकांनी कपाळाला हात लावला. परीक्षकांनी चष्मा काढला, खुर्चीत ताठ बसले आणि चक्क उत्तर द्यायला लागले.

"बरोबर," ती म्हणाली, "पण कामकरी मुंग्या राहिल्या."

"हो, राहिल्याच," ते ओशाळून म्हणाले आणि त्यांनी त्याही सांगितल्या.

पदवी तिला मिळाली. पास झाल्याचा आनंद मात्र परीक्षकांच्याच चेहऱ्यावर जास्त दिसत होता.