दुसऱ्या सीझनचा पहिला मुडदा

आमच्या ऑफिसच्या हौशी नाट्यमंडळात नाटकं कमी झाली आणि किस्से जास्त. नाटकाला तालीम लागते, नेपथ्य लागतं, मोठ्या साहेबांची परवानगी लागते. किश्श्याला चार माणसं आणि चहा पुरतो. एक सांगायला घ्यावा, तर दुसरा चपला काढून आत आलेलाच असतो!

मी या मंडळाची प्रॉम्प्टर. नोकरीत टायपिस्ट होते, पण अमरावतीत मला ओळखतात ते विंगेत बसून लोकांना त्यांची वाक्यं देणारी बाई म्हणून. त्यामुळे कोण काय विसरतं आणि कोण मनाचं काय घुसवतं, याची मला पक्की जाण आहे.

आता सगळेच रिटायर झालोय. परवा ग्रुपवर अकोल्याच्या विजूने एक लिंक टाकली आणि खाली लिहिलं, "सापडला! प्रल्हादभाऊचा मुडदा सापडला!" सगळ्यांनी धडाधड अंगठे पाठवले. फक्त खुद्द प्रल्हादभाऊंनी मेसेज वाचूनही अंगठा पाठवला नाही.

*

आता मुडदा कसला, ते सांगते.

टीव्हीवर एकच वाहिनी होती तेव्हाची गोष्ट. रविवारी सकाळी एक मराठी डिटेक्टिव्ह मालिका लागायची. त्यातला डिटेक्टिव्ह खुनाच्या घरात शिरला की मुडद्याकडे बघायचाच नाही. आधी स्वयंपाकघरात जायचा. भांड्यांना हात लावून बघायचा, डबे उघडायचा, वेळ पडली तर वरणाची चव घ्यायचा. आणि त्या वरणावरून खुनी पकडायचा!

आम्हाला हे इतकं पटलं होतं की ऑफिसच्या चहाची साखर नाहीशी व्हायला लागली, तेव्हा मोठ्या साहेबांनी याच पद्धतीने तपास केला. जेवणाच्या सुट्टीत प्रत्येकाच्या डब्यात नाक घातलं. माझ्या शेवभाजीची चव घेतली, ती आवडली म्हणून पुन्हा घेतली. दोन दिवसांनी साखर सापडली. साहेबांच्याच कपाटात! मुंग्या लागतात म्हणून त्यांनीच आत ठेवली होती आणि विसरले होते.

साहेबांनी शांतपणे कपाट बंद केलं आणि म्हणाले, "तपास संपला. कामाला लागा."

*

विजू तेव्हा अकोल्याहून रोज पॅसेंजरने ये-जा करायचा. सोमवारी अख्ख्या डब्यात कालच्या खुनाशिवाय विषय नसायचा, आणि विजू म्हणजे त्या डब्याचा सरकारी वकील.

एकदा एका गृहस्थाने हात जोडले. त्याचा रविवार लग्नात गेला होता, बडनेऱ्याच्या बहिणीने एपिसोड रेकॉर्ड करून ठेवला होता आणि तो पाहायलाच तो निघाला होता. कृपा करून खुनी सांगू नका, एवढंच त्याचं मागणं. विजूने शब्द दिला. मूर्तिजापूरपर्यंत त्याने तोंड दाबून धरलं. तिथून पुढे काही त्याला राहवेना.

"भाऊ, मी खुनी नाही सांगत," तो म्हणाला. "फक्त कोन कोन खुनी नाही, थे सांगतो."

बडनेरा येईपर्यंत एकच माणूस उरला होता.

*

ती मालिका एकदा संपली आणि वर्षभराने पुन्हा सुरू झाली. त्याला आता सीझन टू म्हणतात, आम्ही नुसतं 'पुन्हा लागली' म्हणायचो. त्या पुन्हा लागलेल्या मालिकेच्या पहिल्याच एपिसोडमधला मुडदा म्हणजे आमचे प्रल्हादभाऊ!

झालं असं, की आमचं नाटक स्पर्धेसाठी मुंबईला गेलं होतं. प्रल्हादभाऊ दुसरा अंक उघडताच मरायचे आणि पडदा पडेपर्यंत स्टेजवर पडून राहायचे. त्या दिवशी मागची रंगवलेली भिंत अख्खी त्यांच्या अंगावर आली. लोक उभे राहिले, मी विंगेतून किंचाळले. प्रल्हादभाऊंची पापणी हलली नाही.

बक्षीस मिळालं नाही. पण प्रेक्षकांत त्या मालिकेचा कुणी माणूस बसला होता, तो आत येऊन म्हणाला, "मला हा मुडदा पाहिजे." आम्ही परतलो आणि प्रल्हादभाऊ मुंबईतच राहिले. लग्नाला जेमतेम महिना झाला होता!

त्यांचे सासरे महादेवराव म्हणजे नांदगाव खंडेश्वरजवळच्या एका खेड्याचे पोलीस पाटील. गावात कुणी विहिरीत पडलं की पंचनाम्याला आधी हे हजर. आम्ही सगळे त्यांना आबाजी म्हणायचो. जावई दिसेना, मुलगी नीट सांगेना, म्हणून ते सरळ ऑफिसात आले. जावई मुंबईत मुडद्याचं काम करताहेत, हे त्यांना सांगायची पाळी माझ्यावर आली.

आबाजींनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"बाई," ते म्हणाले, "मुडदे तं आमच्या गावातबी होतात. त्याच्यासाठी मुंबईले काहून जा लागते?"

*

एपिसोड लागला त्या रविवारी शोभावहिनी, म्हणजे प्रल्हादभाऊंची बायको, माहेरी होत्या. जावई टीव्हीत येणार म्हणून आबाजींनी घरातला टीव्ही ओट्यावर काढला. बसायला ताडपत्र्या टाकल्या, सगळं गाव जमलं. आम्ही मंडळीही जीप करून गेलो होतो. प्रल्हादभाऊ नवा शर्ट घालून सगळ्यांच्या पुढे बसले होते.

एपिसोड सुरू झाला. जमिनीवर मुडदा, त्याच्यावर पांढरी चादर. लोक टाळ्या वाजवायला लागले, वहिनी पदराआड हसल्या. डिटेक्टिव्ह नेमाप्रमाणे स्वयंपाकघरात गेला. भांडी झाली, डबे झाले. शेवटी बाहेर येऊन तो खाली वाकला, त्याने चादरीचं टोक धरलं, आणि लाइन गेली!

पंखा बंद, टीव्ही बंद, गाव बंद. लाइन आली तेव्हा टीव्हीवर शेतीचा कार्यक्रम लागला होता आणि एक साहेब तुरीवरची कीड दाखवत होते.

आबाजी उठले, धोतर झटकलं आणि सगळ्या गावासमोर म्हणाले, "चादर पाहिली बाप्पा. जावई काही पाहिला नाही."

हसता हसता आमची पुरेवाट झाली. प्रल्हादभाऊही हसले, पण त्यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला. कारण आबाजी गंमत करत नव्हते. हळद उतरायच्या आत जावई मुंबईला जातो, तिथे काय करतो ते कुणी पाहिलेलं नाही, आणि सांगतो काय, तर मुडदा झालो होतो! त्या माणसाला ते अशुभही वाटलं आणि खोटंही वाटलं. पुढे दोघांचं बोलणं चालू राहिलं, येणं-जाणं राहिलं. पण कुठल्याही लग्नात, बारशात मालिकेचा विषय निघाला, की आबाजी तेवढंच एक वाक्य बोलायचे आणि पान लावायला घ्यायचे.

*

प्रल्हादभाऊंनी त्यावर एकच उपाय केला. गोष्ट सांगत राहिले.

पहिल्या वर्षी ते चादरीखाली होते. पुढे चादर गळ्यापर्यंत आली. मुलगा शाळेत जायला लागला तोवर ती पूर्ण निघाली होती. मुलगा कॉलेजात गेला तेव्हा तर मुडद्याला डायलॉगसुद्धा होता! मी प्रॉम्प्टर, मी विचारलं, भाऊ, हे वाक्य कुठून आलं? म्हणाले, फ्लॅशबॅक होता ताई.

एकदा आम्ही एका लग्नाला दर्यापूरला निघालो होतो. काळीपिवळी जीप, आत बसतील तेवढी माणसं. ड्रायव्हरला कुणीतरी सांगितलं की हे टीव्हीतले कलाकार आहेत. मग काय, भाऊंना पुढची सीट! ड्रायव्हरने विचारलं, मरायची ॲक्टिंग कशी करतात? भाऊंनी मान टाकली, डोळे मिटले आणि श्वास रोखला. मागच्या एका म्हातारीने पाहिलं आणि हंबरडा फोडला. ड्रायव्हरने घाबरून जीप सोयाबीनच्या शेतात घातली. सगळे उतरले, कुणी पाणी शिंपडतंय, कुणी कांदा शोधतंय.

भाऊंनी डोळे उघडले आणि म्हणाले, "थो पुढचा सीन अजून बाकी हाये."

तिथून दर्यापूरपर्यंत म्हातारी त्यांना शिव्या घालत आली.

*

तर, परवाची लिंक. सीझन दोन, एपिसोड एक. अख्खा, शेवटापर्यंत!

रविवारी दुपारी प्रल्हादभाऊंच्या घरी सगळ्यांनी मिळून पाहायचं ठरलं. ठरवलं कुणी, तर आबाजींनी. ते आता नव्वदीला टेकलेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन करायला अमरावतीला लेकीकडे आले होते. पट्टी निघाल्यावर पहिल्यांदा त्यांनी लेकीचा चेहरा पाहिला आणि लगेच म्हणाले, "आता दाखवा मले थे चादर."

शनिवारी प्रल्हादभाऊंचा मला फोन. सर्दी झाली म्हणाले, नेट चालत नाही म्हणाले, जुनं काय पाहायचं म्हणाले. मी ऐकून घेतलं. मग एकदम खऱ्या आवाजात बोलले.

"ताई, माझे डोळे मिटलेले होते. चादर काढली का, कॅमेरा कुठं होता, मले काहीच मालूम नाही. म्हनाले, झालं तुमचं काम, जा. अन् मी आलो. उद्या त्यात मी नसलो तं?" पुढे म्हणाले, "म्हातारा आता किती दिवस हाये. हे घेऊनच जाईन थो."

आयुष्यभर लोकांना वाक्यं दिली, पण यांना द्यायला माझ्याकडे एकही नव्हतं. होऊ द्या म्हटलं, मी आहे.

दुपारी हॉल भरला. वहिनींनी सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, तळल्या होत्या. विजूने मोबाइल टीव्हीला जोडला आणि सांगून टाकलं की आज तो खुनीही सांगणार नाही आणि कोण खुनी नाही तेही सांगणार नाही. आबाजी टीव्हीसमोरच्या खुर्चीत, डोळ्यावर काळा चष्मा. प्रल्हादभाऊ मागे, सर्दी खरी वाटावी म्हणून पायात मोजे घालून, स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभे.

मालिका सुरू झाली. चादर आली, या वेळी टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. डिटेक्टिव्ह स्वयंपाकघरात गेला. भांडी, डबे, वरण. बाहेर आला, वाकला, त्याने चादरीचं टोक धरलं. त्याच क्षणी नेट अडकलं आणि गोल फिरायला लागलं! विजूने देवाचं नाव घेतलं. वहिनींच्या हातातली वडी हातातच राहिली.

गोल थांबलं आणि चादर निघाली.

खाली एक जाडा, मिशीवाला, टक्कल पडलेला माणूस होता. प्रल्हादभाऊ कधीच जाडे नव्हते, आणि त्यांच्या डोक्यावर आजही केस आहेत.

वहिनी मान खाली घालून बसल्या. प्रल्हादभाऊ म्हणाले, "बंद कर विजू." आवाज असा, की विजूने लगेच मोबाइल उचलला.

"थांब," आबाजी म्हणाले. "मांगं घे."

विजूने मागे घेतलं. जाडा माणूस पुन्हा दिसला. डिटेक्टिव्ह उठून त्याच्या पायथ्याशी गेला, आणि क्षणभर नुसतं पायथ्याचं चित्र आलं. अजून मागे घे, आबाजी म्हणाले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी हात वर केला.

"इथंच ठेव."

चित्र थांबलं. चादर पायांना पुरली नव्हती. पडद्यावर दोन सडपातळ पाय होते, आणि डाव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं होतं.

आबाजी काठी टेकत उठले. टीव्हीला नाक लागेल इतके जवळ गेले. काळा चष्मा काढला, वहिनी नको नको म्हणत असताना. पंचनाम्याला बसल्यासारखे एक एक बोट बघत गेले. मग वळले आणि जावयाला म्हणाले, "इकडं या. मोजा काढा."

प्रल्हादभाऊंनी भिंतीला धरून डावा मोजा काढला. आबाजी वाकले. किती तरी वेळ वाकलेलेच राहिले. वहिनी त्यांना धरायला उठल्या, तर त्यांनी हातानेच नको म्हटलं.

"तोंड कोनाचंबी लावू दे त्याहिले," ते खालूनच म्हणाले. "मांडवात हे पाय म्या माह्या हातानं धुतले. मले नाही वळखू येनार?"