अमेरिकन भाडेकरूचं गाणं

ब्रह्मा घाटावरच्या आमच्या घरात, मी लहान असताना, वर एक अमेरिकन भाडेकरू होता. त्याच्याकडे साठच्या दशकातल्या, अमेरिकेतही फारशा कुणाला माहीत नसलेल्या एका बँडची रेकॉर्ड होती. खाली बाबा विद्यार्थ्यांना वेद शिकवत, तेव्हा मी वर चोरून तिच्यातलं एक गाणं ऐकत असे. पाठात एक स्वर चुकला तरी बाबांची छडी माझ्याही तळहातावर बसायची. त्यांना हे कळलं तर काय, या भीतीने माझा एक कान सतत जिन्याकडे असे.

गेल्या महिन्यात ते गाणं मोबाइलवर सापडलं. बाबा आता नव्वदीला टेकलेत, आतल्या खोलीत पडून असतात. तरी मी, बासष्ट वर्षांचा घोडा, दार लोटून, आवाज अगदी बारीक करून ऐकायला बसलो आणि नकळत गुणगुणायला लागलो.

"थांब!" आतून आवाज आला.

मी झटकन मोबाइल बंद केला.

"दुसरी ओळ चुकलास." इंग्रजीचं अक्षर न येणाऱ्या बाबांनी ती ओळ सुरात, बिनचूक म्हणून दाखवली. "आता दहा वेळा म्हण."

मी मुकाट्याने दहा वेळा म्हटली, दोन्ही तळहात पाठीमागे लपवून.