झूराकान-आपाच्या सहा चुली

तुयुक-साय आमच्या खालच्या गावापासून बत्तीस किलोमीटर वर. रस्ता तिथेच संपतो. पुढे डोंगर, डोंगरापलीकडे चीन. मेंढ्यांचं सरकारी फार्म चालू होतं तेव्हा तिथे एक्केचाळीस घरं होती. फार्म बंद पडलं आणि माणसं राजधानीत बिश्केकला, रशियाला, जिथे काम मिळेल तिथे गेली.

मी शाळेत शिकवते, म्हणून जनगणनेचं काम माझ्या गळ्यात पडलं. मार्चमध्ये घोड्यावरून वर गेले. कागदावर एकच नाव होतं: झूराकान, वय अडुसष्ट. पण वळणावरून पाहिलं तर तीन धुराड्यांतून धूर निघत होता. मला इतका आनंद झाला! कोणीतरी परतलं म्हणायचं.

पहिल्या दारावर थाप मारली. उत्तर नाही. ढकललं तर चूल पेटलेली, खोली रिकामी. दुसऱ्या घरातही तेच. तिसऱ्यात झूराकान-आपा उकिडवी बसून चुलीत शेणी सारत होती.

"दार लाव गं, ऊब जातेय," मागे न बघताच ती म्हणाली.

"आपा, हे घर तर तोक्तोबूबूचं ना? तिला गाव सोडून चार वर्षं झाली."

"म्हणून भिंतींनी ओल खाऊन मरायचं? मातीची भिंत आहे, पोरी. दोन हिवाळे चूल पेटली नाही की पोट सुटतं तिचं, तुझ्या नवऱ्यासारखं."

तिचं स्वतःचं धरून सहा घरं अजून धड होती. जाताना प्रत्येकाने "येतोच आम्ही" म्हणत किल्ली तिच्या हातात दिली होती. थंडीभर ती पाळीपाळीनं सगळ्यांच्या चुली पेटवायची. नवरा वारल्यावर मुलाने तिला रशियात, येकातेरिनबुर्गला नेलं होतं. चार महिन्यांत ती परत आली.

"लिफ्टमध्ये मी सगळ्यांना सलाम घालायची," ती सांगू लागली. "एक बाई तर घाबरून मधल्याच मजल्यावर उतरली." हसली, आणि चहा ठेवायला उठली.

चहा झाल्यावर मी कागद काढला. "आपा, गावात माणसं किती?"

"लिही एकोणीस." तिने पाच घरांतली नावं पोराबाळांसकट घडाघडा सांगितली.

"वर्षभर बाहेर असलेले धरायचे नाहीत. वरून हुकूम आहे."

"वरून? वर तर मीच राहते!"

मी 'एक' लिहिला. ती वाकून बघत राहिली. "किती बारीक दिसतो गं," म्हणाली.

जूनमध्ये तोक्तोबूबूचा मुलगा कुबात ट्रक घेऊन आला. आपासाठी पिठाचं पोतं न्यायचं होतं म्हणून मीही त्यात बसून गेले. बिश्केकच्या कडेला त्याचं नवं घर चाललं होतं. त्याला इथल्या तुळया, दारं, खिडक्या हव्या होत्या. आपाने शिडी धरली, कामगारांना चहा-पाव दिला.

"लाकूड ठणठणीत आहे, आपा!" कुबात छपरावरून ओरडला. "इतकी वर्षं बंद घर, पण कुठे वाळवी नाही की ओल नाही. नशीब आमचं!"

मी तोंड उघडणार, एवढ्यात आपाने माझ्याकडे डोळे वटारले. "चहा गार होतोय तुझा."

संध्याकाळपर्यंत नुसत्या चार भिंती उरल्या. आपाने किल्ली पुढे केली.

"आता हिचं काय करू?" कुबात म्हणाला, पण घेतली आणि खिशात टाकली.

ट्रक सुरू झाला तेव्हा मी म्हटलं, "आपा, चल माझ्याकडे."

"आणि बाकीची चार घरं?"

जानेवारीत दाढ ठणकायला लागली म्हणून ती खाली माझ्याकडे आली खरी. दाढ काढली. अकरा दिवस राहिली. माझ्या पोरींच्या वेण्या घातल्या, शेजारणीला सलाम घातला, आणि शेजारीण थांबून बोलली म्हणून तासभर तिला सोडलंच नाही. पण रोज सकाळी विचारायची, "रस्ता मोकळा झाला का?" अकराव्या दिवशी बर्फ काढणारा ट्रॅक्टर वर निघाला, तर ही मला न सांगताच त्यात चढून बसलेली. मी शाल घेऊन धावले. तिने ती मांडीवर नीट घडी करून ठेवली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "निघ रे बाबा."