शरशेन वकिलाची ओंजळ

शरशेन वकिलाला कोर्टाची पायरी चढावी लागत नाही, याचं आमच्या गावाला भारी कौतुक. मला नाही. तो माझा विद्यार्थी. वर्गात दोन मुलं भांडली की हा मध्ये पडायचा, दांडग्याच्या बाजूने निवाडा करायचा आणि मग त्याच दांडग्याच्या खिशातले अक्रोड खायचा.

राजधानीत, बिश्केकला जाऊन तो वकील झाला. परत येऊन कोर्टाबाहेर तंटे मिटवू लागला. जो मेंढी कापील त्याच्या घरी बैठक, आणि मानाच्या जागी वकीलसाहेब. लोण्यासारख्या आवाजात तो इतकं बोलतो की दोन्ही पक्ष पेंगायला लागतात. मग दुवा मागायला हळूच ओंजळ उचलतो. मानाच्या माणसाने उचलली की आमच्याकडे सगळ्यांनी उचलायची, आणि ती चेहऱ्यावरून फिरली की विषय संपला. नंतर कुणी तोंड उघडलं तर त्याला घरची माणसंही विचारत नाहीत. शरशेनची सगळी वकिली एवढीच.

यंदा आमच्या गावातल्या उरूमकानच्या जर्दाळूंकडे येणाऱ्या पाटावर तिच्या दिराने, कुबातने, भिंत घातली. झाडं उन्हाळा काढणार नव्हती, आणि नवरा गेल्यापासून ती त्या झाडांवरच जगत होती.

बैठक अर्थातच कुबातकडे. मीही होतो. मानाचा वाटा म्हणून मेंढीचं डोकं शरशेनपुढे आलं. ते चवीने कोरत तो रक्ताच्या नात्यावर बोलला. पाण्याबद्दल अवाक्षर नाही. उरूमकान बोलायला लागली की तो तिला चहा वाढायला लावी. शेवटी त्याने ओंजळ उचलली. सगळ्यांचे हात वर गेले. उरूमकानचे मांडीवरच.

"ताई, हात," शरशेन गोड आवाजात म्हणाला.

"पाट सोडा, मग उचलते."

"अहो, घरातली गोष्ट. कोर्टात जाऊन हसं करून घ्यायचं का?"

"कोर्टात कोण जातंय? मी इथेच बसलेय. तुम्ही धरा हात वर."

एकाचेही हात खाली असले तर दुवा पुरी होत नाही, आणि ती अर्धवट टाकून हात खाली घेणं अशुभ. कुणी हलेना. शरशेनच्या बाहीतून चरबीचा ओघळ कोपरापर्यंत गेला. कुबातच्या म्हाताऱ्या आईचे हात लटपटू लागले.

"कुबात, फोड बाबा ती भिंत," ती म्हणाली. "माझे खांदे गेले."

कुबातने सगळ्यांदेखत हो म्हटलं. तेव्हा उरूमकानने शांतपणे हात उचलले.

दुसऱ्या दिवशी पाट वाहू लागला. शरशेन उरलेलं मटण बांधून घेऊन गेला, आणि हा तंटा आपण कसा मिटवला ते तालुकाभर सांगत फिरतो.