आप्पा, आज रकान्यात दुसरंच नाव आलं

आज सकाळी माझ्याच प्रोग्रामनं मला रडवलं.

आप्पा परवा गेले. उद्यमबागेतल्या आमच्या फाउंड्रीचे हेडमिस्त्री. शिक्षण सातवी.
मी जवळच्याच हिंडलग्याची, तेव्हा नवी इंजिनिअर, आणि तोरा असा की विचारू नका.

सहा वर्षांपूर्वी मी तिथलं सॉफ्टवेअर लिहिलं. ओतलेल्या प्रत्येक साच्याची एक नोंद. आतला धातू निवायला तो किती वेळानं फोडायचा हे कुणी भरलं नाही, तर प्रोग्राम वजनावरून स्वतः काढणार.

"सगळ्यास्नी एकच वेळ न्हाय लावलीस, ब्येस केलंस," आप्पा म्हणाले. मी फुगले.

आठवड्यातच एक भलंमोठं कास्टिंग ओतलं. स्क्रीनवर आलं, वीस मिनिटं.
साचे फोडणाऱ्या बसूनं स्क्रीन बघितली आणि घण उचलला.

"निल्लो, बसू! निल्लो!"

निल्लो म्हणजे थांब. आप्पा घाबरले की कानडीत ओरडायचे. रागवायचे मात्र मराठीत.
त्यांनी साच्याजवळ तळहात नेला होता. आत धातू अजून लाल होता. बसूचे पाय भाजून निघाले असते.
माझी नोकरी गेलीच म्हटलं.

आप्पा वर माझ्या केबिनमध्ये आले.
"उंटावरनं शेळ्या हाकू नगंस. दाव, ही वेळ कवा काढतंय?"
"नोंद तयार झाली की लगेच."
"आन् वजन?"
"ते नंतर भरतात. तोवर शून्य, म्हणून सगळ्यांत कमी वेळ, वीस मिनिटं."
"आगं पोरी, बाळ बघायच्या आधीच अंगडं शिवलंस व्हय! कुणी इचारलं की तवा काढ. आन् माणसानं हातानं भरलं, तर माणसाचं ऐकायचं. यंत्रानं मधी बोलायचं न्हाय."

कॉलेजात चार वर्षं हेच शिकवत होते. डोक्यात त्या दिवशी शिरलं.

मालकांना आप्पांनी एवढंच सांगितलं, "आमी दोघांनी मिळून सुधारलंय." चूक कुणाची, हे शेवटपर्यंत सांगितलं नाही.

पुढं मी आणखी एक रकाना केला. साचा कोण तपासणार? रिकामा ठेवला, तर त्या वेळी हजर असलेल्यांतला सगळ्यांत जुना माणूस.
रोज आप्पांचंच नाव यायचं. रकाना आहे हेच मी विसरून गेलते.

काल फाउंड्री बंद होती. आज पहिला साचा ओतला.
नाव आलं, बसू.

मला सोसलं नाही. मी हातानं "आप्पा" टाइप केलं. प्रोग्रामनं मुकाट्यानं घेतलं. माणसाचं ऐकायचं, त्यांचाच नियम.

खालून बसूची हाक आली. "आक्का, साचा कुणी बघायचा?"

मी नाव पुसलं. रकान्यात पुन्हा बसू आलं. "तूच बघ रं."

त्यानं स्क्रीन बघितली. वेळ झाली होती.
तरी आधी साच्याजवळ तळहात नेला. थांबला. मग घण उचलला.

आप्पा, सगळं नीट चाललंय बघा. तुम्ही तेवढे न्हाय.
तुमच्या पोरीचा शेवटचा नमस्कार.